फेअरची पेटी आणि मायच्या वाती

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकाचं काम पाहतात ते माझे भाचेजावई. त्यांचा निरोप आला, "मामा, कापसाच्या तेजीतला तुमच्या नोकरीचा अनुभव लिहून द्या. पण घरात सांगता तसा नको." घरात ही गोष्ट मी दर दिवाळीला सांगतो आणि दर वर्षी तीत दोन बैलगाड्या वाढतात, हे जावईबापूंना ठाऊक आहे. म्हणून यंदा बायकोला शेजारी बसवून लिहितो आहे. ती खाकरली की मी एक ओळ खोडतो. लेख छोटा वाटला तर कारण हे.

मी किसन, जातीचा माळी. अमरावतीच्या वेशीबाहेर आमचा वांग्या-मेथीचा मळा होता. कॅम्पातल्या पाद्रीसाहेबांच्या मडमेला भाजी पोचवता पोचवता मी इंग्रजी शिकलो. त्यामुळे भाजीबद्दल मला इंग्रजीत काहीही बोलता येत असे, बाकीच्या जगाबद्दल अंदाजाने. तेवढ्यात तिकडे अमेरिकेत गोऱ्यांची आपसांत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि विलायतेला एकदम आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली. ज्या वाटांनी वर्षाला चार साहेब जायचे, तिथे आठवड्याला चार दिसू लागले. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. अंदाजाने इंग्रजी बोलणाऱ्यांनासुद्धा नोकऱ्या लागल्या.

मी ज्या वखारीत लागलो तिथल्या साहेबांना लोक पेटीसाहेब म्हणत. मनुष्य लांबट, तांबूस मिशांचा, कापसाइतकंच कमी बोलणारा. त्यांची मराठी दोन शब्दांची होती, 'आणा' आणि 'न्या'. मधलं सगळं मी बोलायचं. इथे त्यांचं बोलणं मी मराठीतच देतो. त्यातला इंग्रजी रुबाब उतरला असेल तर तो माझा दोष.

कापूस पारखणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांसाठी सांगतो. लोकांना वाटतं, पांढरा असला की झालं. तसं नाही. गाडीतल्या पोत्यांतून, वरून, मधून, तळातून, मूठमूठ रुई काढायची. दोन्ही अंगठ्यांत धरून ती फाडायची, पुन्हा जुळवायची, पुन्हा फाडायची, म्हणजे शेवटी तंतू सरळ उभे राहतात आणि लांबी नखावर मोजता येते. मग वास घ्यायचा, कारण वजन वाढावं म्हणून रात्री पाणी शिंपडणारे हुशार लोक तेव्हाही होते. मग उत्तरेच्या खिडकीशी जायचं, कारण तिथल्या उजेडात ऊन खोटं बोलत नाही. पानाचा कचरा किती, किडक्या बोंडातल्या कवडीचा पिवळेपणा किती, ते पाहायचं. आणि सगळ्यात शेवटी पेटी उघडायची.

ही पेटी मुंबईच्या मोठ्या कचेरीतून लाखेची मोहर लावून आली होती. हातभर लांब, सागवानी, वर काचेचं झाकण. आत फक्त रुई, आणि झाकणावर एकच शब्द: फेअर. विलायतेत ठरलेला दर्जा तो. पेटीतल्याइतका कापूस असला तर फेअर, त्याहून बरा तर गुड फेअर, खालचा तर मिडलिंग. साहेबांचा हात काय म्हणतो आणि पेटी काय म्हणते यांत फरक पडला तर पेटी खरी, असा मुंबईचा हुकूम होता. आमच्या वखारीत साहेबांहून मोठं कोणी असेल तर ती पेटी.

आता गाडीवाल्याला 'तुझा कापूस फेअर' म्हटलं की तो विचारणारच, "म्हंजे काय बाबू?" सुरुवातीला मी म्हणायचो, "चांगला." मग एक दिवस मडमेने एका मुलीला फेअर म्हटलेलं आठवलं, तेव्हापासून 'गोरा' म्हणू लागलो. गोरा कापूस ऐकून गाडीवाले खूश व्हायचे. पुढे अकोल्याच्या एका पाद्रींकडून मी फाटका इंग्रजी कोश मागून आणला आणि माझी झोप उडाली.

एका शब्दाला इतके अर्थ असतील असं मला वाटलं नव्हतं. मुळात ते दोन वेगळे शब्द निघाले, एका छपराखाली राहणारे, नात्याचे ना गोत्याचे. एक लॅटिनाकडून आलेला. त्याचं मूळ सणासुदीची सुट्टी, आणि सुट्टीला माणसं जमतात म्हणून तो झाला जत्रा. दुसरा त्यांच्याच मातीतला, जुना. जन्माला आला तेव्हा त्याचा अर्थ होता सुंदर. सुंदर म्हणजे कोण, तर आपण, असं ठरवून त्या लोकांनी त्याचा अर्थ गोरा केला. याचं मला आश्चर्य वाटलं नाही. मग डाग नसलेला म्हणून निवळलेलं आभाळ, खाडाखोड नसलेली प्रत. व्यवहाराला डाग नाही म्हणून वाजवी, न्यायाचा. आणि वापरून वापरून इतका झिजला की शेवटी 'बरा, चालेल' एवढाच उरला. सुंदर म्हणून निघालेला शब्द कापसाच्या वखारीत पोचेस्तोवर 'चालेल' होऊन बसला. लग्नाच्या आधी आणि नंतर माझंही असंच झालं.

(इथे खाकरणं झालं आहे. पण ओळ राहू देतो.)

मायला मी हे सगळं कौतुकाने सांगितलं. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. म्हणाली, "इतक्या साऱ्याईले एकच शब्द? गरीब दिसते बापा साहेबाची भाषा."

त्या वर्षी कार्तिकात साहेब आठ दिवस अकोल्याला गेले. रेल्वे येणार म्हणून तिथे दुसऱ्या वखारीची जागा पाहायची होती. जाताना म्हणाले, "पेटी कचेरीतल्या ट्रंकेत ठेव." मी ती घरी नेली. वखारीत उंदीर फार, असं कारण मी मनाशी तयार ठेवलं होतं. खरं कारण एवढंच, की विलायतेचा दर्जा माझ्या ताब्यात आहे हे आळीतल्या लोकांना दाखवायचं होतं. दोन दिवस ओसरीवर पेटी ठेवून मी दर्शन दिलं. मग मळ्यावर जाताना मायला बजावलं, "हे देवासारखं जप."

मायने त्या वर्षी लक्षवातीचा नेम धरला होता. एक लाख वाती वळून, तुपात भिजवून, त्रिपुरी पौर्णिमेला मळ्याजवळच्या महादेवापुढे लावायच्या. वातींसाठी कापूस यायचा येसूमावशीकडून. येसूमावशी म्हणजे मायची लहानपणची मैत्रीण. माहेर आमच्या आळीतलं, दिली अकोटाकडे, पाटलाच्या घरी. दर वर्षी वेचणीच्या आधी ती सीतादही करायची. वावरात पूजा मांडायची, दहीभाताचा नैवेद्य, झाडावर हळद घालून कालवलेलं दही शिंपडायचं आणि मग पहिला कापूस वेचायचा. तो पहिला कापूस विकायचा नाही, देवाचा. तिचा तो आमच्याकडे यायचा. त्या वर्षीही आला होता, पण त्यातली सरकी काढायची राहिली होती. पौर्णिमा दोन दिवसांवर, काही हजार वाती कमी, आणि समोर काचेखाली सरकी काढलेली, पिंजल्यासारखी स्वच्छ रुई.

मी परत आलो तेव्हा पेटी रिकामी होती आणि मोठ्या पातेल्यात वाती तुपात पोहत होत्या.

"माय, हे काय केलं वो?"

"तूच तं म्हनला, देवासारखं जप. मंग देवालेच देल्लं." तिचा चेहरा इतका समाधानी होता की मला ओरडताही येईना. "अन् तो येसूचा कापूस पडला हाय ना कोपऱ्यात. तो भर तुह्या डब्यात. कापूस तो कापूस."

माणूस घाबरला की आईचा सल्ला पटतो. मी शेजारून हातरेचा आणला, संध्याकाळभर बसून येसूमावशीच्या कापसातली सरकी काढली, रुई पेटीत भरली, काचेवर फुंकर मारून सदऱ्याने पुसली. पौर्णिमेच्या सायंकाळी महादेवापुढे विलायतेचा दर्जा जळाला. मी हात जोडून उभा होतो. आळीत तेवढा भाविक माणूस दुसरा दिसत नव्हता.

साहेब अकोल्याहून आले. पेटी उघडून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मूठ काढली, फाडली. मग ते म्हणाले, "अकोल्यात आठ दिवस कचरा पाहिला. माझी नजर बिघडली आहे. फेअर आज मला फार सुंदर दिसतंय."

"उन्हाचा त्रास, साहेब," मी म्हणालो.

तिथून पुढचे आठ दिवस मी विसरायचा प्रयत्न करतो आणि मला जमत नाही. पहिल्या वेचणीची, हाताने निवडलेली रुई पेटीत बसली होती. तिच्यासमोर कोणाचा कापूस टिकणार? एकामागून एक गाड्या मिडलिंग ठरल्या. मिडलिंगचा भाव वेगळा, खालचा. बाजारात बोललं जाऊ लागलं की अकोल्याचं पाणी साहेबाला बाधलं. माझ्या बाजूने मी फक्त भाषांतर करत होतो.

वलगावचे दौलतबुवा त्यांतलेच एक. म्हातारा मनुष्य, एक गाडी, कापूस दर वर्षी फेअर. यंदा मिडलिंगची चिठ्ठी हातात घेऊन ते खिडकीशी उभे राहिले. "बाबू, माह्या कापसात काय कमी झालं?"

मला 'काही नाही' म्हणायचं होतं.

"मले सांग तं खरं," ते म्हणाले, "हे फेअर म्हंजे असते तरी काय?"

आणि मी सुटलो. अर्धा तास बोललो असेन. सुंदर, गोरा, तिकडे बायकांनाही तोच शब्द लावतात तेही सांगितलं, आभाळ निवळलं की फेअर, खाडाखोड नसलेली प्रत फेअर, जत्रा फेअर, आणि नुसता बरा तोही फेअर. दोन शब्दांची दोन मुळं सांगितली. दौलतबुवा मान हलवत ऐकत होते. इतकं ज्ञान आपल्यासाठी कोणी सांडत नाही, याची त्या चेहऱ्यावर कृतज्ञता होती. शेवटी म्हणाले, "लय शिकला गा तू," आणि मिडलिंगच्या भावाने गाडी उतरवून गेले. एक अर्थ मी सांगितला नव्हता. तो तोंडाशी आला होता, पण गिळला.

नवव्या दिवशी सकाळी येसूमावशीच्या गाड्या आल्या.

येसूमावशीचं काय पणाला लागलं होतं, ते मला मायकडून माहीत होतं. पाटील वारून दोन वर्षं झाली होती. दीर सखाराम म्हणे, बाईने घरात बसावं, वावर मी पाहतो. मावशी म्हणे, पाहणारी मी आहे. शेवटी गावच्या चार माणसांसमोर ठरलं: यंदा ती करील. तिचा कापूस अमरावतीच्या साहेबाच्या वखारीत फेअर ठरला तर वावर तिच्याकडे राहील. नाही तर सखाराम नांगर धरील आणि ती चूल. निकाल ऐकायला सखाराम स्वतः गाडीबरोबर आला होता. डोक्याला नवा पटका बांधून, जणू वावराशी त्याची सोयरीक व्हायची होती.

ही दुसरी वेचणी. साहेबांनी मुठी काढल्या, फाडल्या, हुंगल्या. चेहरा उजळला. खिडकीशी गेले, पेटी उघडली, रुई शेजारी धरली. चेहरा उतरला.

"चांगला आहे," ते म्हणाले. "पण पेटीला पोचत नाही. मिडलिंग. सांग त्यांना."

मी सांगितलं. सखाराम खाली मातीकडे पाहून हसला. "चला वयनी, झालं. साहेबानंच सांगतलं."

येसूमावशी जागची हलली नाही. "किसना, मले तो डबा पाहू दे. कोन्या कापसापुढं माहा कापूस हरला ते तं पाहू दे."

साहेब पेटीला कोणाचा हात लागू देत नसत. पण मावशीने पदर कमरेला खोचला होता आणि वाट अडवून उभी होती. साहेबांनी पेटी पुढे केली. तिने बोटं आत घातली. चिमूट काढली, अंगठ्याखाली चोळली. मग उजेडाकडे धरली. रुईत एक बारीक पिवळा कण होता, मोहरीएवढाही नाही. सरकी काढताना माझ्या नजरेतून सुटलेला. तिने तो जिभेला लावला.

मग माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

"किसना," ती सावकाश म्हणाली, "साहेबाले इचार, विलायतेतल्या बाया बी सीतादही करतात का म्हना."

"काय इचारून राहिली वयनी?" सखाराम म्हणाला.

"तू उगा राय."

साहेब माझ्याकडे पाहू लागले. "काय म्हणते ती?"

दुभाष्याच्या धंद्यात एक सोय असते. दोन माणसं बोलतात आणि दोघांचंही खरं फक्त तिसऱ्याला कळतं. 'प्रवास लांबचा आहे, दया करा, असं म्हणते' एवढं मी म्हटलं असतं तर साहेबांनी 'न्या' म्हटलं असतं आणि गाड्या निघाल्या असत्या. मावशीही काही बोलली नसती. तिने माझ्यावर बोट ठेवलंच नव्हतं, नुसता प्रश्न माझ्या हातात दिला होता. मी लहान असताना ती माहेरी आली की मला आंघोळ घालत असे. असा प्रश्न ती मला साहेबासमोर कशी घालू शकली, हे मला तेव्हा कळेना. आता कळतं. वावर तिचं होतं.

मी तिचा प्रश्न शब्दाला शब्द लावून सांगितला. माझ्या नोकरीतलं ते पहिलं खरं भाषांतर.

"सीतादही काय असतं?" साहेबांनी विचारलं.

मग हळदीपासून तुपापर्यंत सगळं सांगावं लागलं. सांगताना माझं इंग्रजी इतकं बिघडलं की मध्ये दोन भाज्यांची नावं आली. साहेब ऐकत उभे होते. मावशीच्या बोटावरचा पिवळा कण त्यांनी नखावर घेतला.

"म्हणजे माझी नजर ठीक होती," ते म्हणाले. मग पेटीकडे बोट करून, "खरी रुई कुठे आहे?"

"देवापुढे लावली, साहेब."

"सगळी?"

"तुपात भिजवून."

साहेबांनी तांबूस मिशी ओढली. "ज्योत कशी होती?"

"संथ. काजळी नाही."

"मग ती फेअर होतीच," ते म्हणाले, आणि पेटीचं झाकण लावून टाकलं. त्या वर्षी प्रथमच त्यांनी नुसत्या हाताने निकाल दिला. येसूमावशीची रुई पुन्हा घेतली, फाडली, नखावर धरली. "फेअर. चिठ्ठी लिही. मोठ्या अक्षरात."

मी लिहिली. मावशी म्हणाली, "वाच मोठ्यानं. सखारामभाऊजीले कमी आयकू येते." मी वाचली. सखारामने नवा पटका काढून घाम पुसला.

मला वाटलं, नोकरी गेली. पण मुंबईला कळवायचं तर साहेबांना हेही कळवावं लागलं असतं, की आठ दिवस त्यांनी देवाच्या कापसाला पेटी समजून बाजार चालवला. म्हणून त्यांनी लिहिलं, उंदरांनी पेटी नासवली, नवी धाडा. आणि लिहिलेलं खरं व्हावं म्हणून मला दोन महिने उंदीर मारायला लावले. नवी पेटी येईपर्यंत काम थांबू नये म्हणून येसूमावशीच्या पोत्यांतली चार मुठी रुई पेटीत भरली. नवी पेटी आलीच नाही. अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळले, अर्धे साहेब आले तसे गेले. तोवर अमरावतीच्या त्या वखारीत फेअर म्हणजे काय, तर येसूमावशीच्या वावरातली दुसरी वेचणी. हा अर्थ कोशात नाही. तिचा पहिला कापूस पुढेही दर वर्षी आमच्याकडे यायचा, आणि आणणारा निरोप सांगायचा, "देवाचं देवाले द्या म्हनते बाई, डब्याकडे जाऊ नका देऊ."

त्या आठ दिवसांच्या गाड्यांचं मी साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, तो कापूस दाबून, गाठी बांधून गेला. गेलेल्या गाठी परत येत नाहीत. खरंच होतं. आणि त्यावर आणखी काही करता आलं असतं, तर ते मी केलं नाही.

फक्त चैत्रात एकदा वलगावला गेलो. दौलतबुवा ओसरीवर दोर वळत बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वाती, पेटी, हळद. त्यांचा हात थांबला.

"तवाच कावून नाई सांगतलं?"

"भेलो."

ते दोराचा पीळ पाहत राहिले.

"बुवा," मी म्हणालो, "तुमी इचारलं होतं फेअर म्हंजे काय. तवा एक अर्थ सांगाचा राहिला होता. फेअर म्हंजे वाजवी. तुमच्या कापसाचं जे झालं नाई ते."

दौलतबुवांनी बोटं मोजायला सुरुवात केली. सुंदर, गोरा, बाया, आभाळ, नक्कल, जत्रा, चालते. एकही चुकले नाहीत. मग घराकडे तोंड करून हाक मारली, "अवो आयकतं का? तो सात अर्थांवाला बाबू आला. आठवा घेऊन आला. पानी आन त्याले."

पाणी आलं. पाण्याबरोबर गूळ आला नाही. तेही वाजवीच होतं.